जपानी मुलांचे घर



विद्यार्थिमित्रहो, तुमच्याच वयाची जपानी मुले आपल्या घरी कशी वावरतात याविषयी आज बोलावे असे मी योजिले आहे. कारण त्या देशाची यंत्रे आपण जाणतो, परंतु तेथील वडीलधारी माणसे लहानग्यांवर केवढा विश्वास टाकतात, हे आपल्या कानी क्वचितच येते.

पहिलीतले सहा वर्षांचे मूल पाठीवर 'रान्दोसेरु' नावाचे ताठ चामडी दप्तर घेऊन, आईबापांचे बोट न धरता, पायी शाळेला निघते. अनेक गावांत वस्तीतील मुले एकत्र जमून जातात, सहावीतील कोणी अग्रभागी चालतो, आणि चौकाचौकांत झेंडी घेतलेले वृद्ध त्यांच्या रक्षणासाठी उभे असतात. ही आईबापांची बेफिकिरी नव्हे. साऱ्या वस्तीने मिळून केलेला तो बंदोबस्त आहे, आणि मला तो अत्यंत आदरणीय वाटतो.

परतल्यावर दाराशी 'गेन्कान' नावाच्या सखल जागेत पादत्राणे काढून ती जुळवून ठेवावयाची, हा शिरस्ता अगदी धाकट्यालाही चुकत नाही. सायंकाळी नगरपालिकेच्या ध्वनिक्षेपकावरून सूर उमटले की खेळ आटोपून मुले घरी येतात. स्नानाच्या टाकीतील ऊन पाणी सर्व कुटुंबाला एकच, म्हणून आधी बाहेर अंग स्वच्छ धुऊन मगच आत उतरावयाचे. आणि ती टाकी घासण्याचे काम पुष्कळ घरी मुलांकडेच असते.

परंतु या विश्वासाचे सर्वांत मनोहर रूप दिसते ते उन्हाळ्याच्या सुटीत. 1928 साली आकाशवाणीवरून सुरू झालेली कवायत आजही सकाळी साडेसहाला लागते, आणि झोपाळू डोळ्यांनी मैदानात जमलेली मुले गळ्यातील पत्रिकेवर हजेरीचा शिक्का घेतात. पहिलीच्या मुलांनी शाळेत कुंडीत लावलेली 'आसागाओ', म्हणजे पहाटे उमलणारी निळीजांभळी फुलवेल, सुटी लागताच घरी येते. मग रोज पाणी कोणी घालावे हा प्रश्नच उरत नाही, कारण कुंडीवर त्या बालकाचे नाव असते, आणि आज किती फुले आली, वेल कोठवर चढली, हे चित्रासह वहीत उतरवण्याचे उत्तरदायित्वही त्याचेच असते. आई आठवण देईल, परंतु झारी हाती घेणार नाही. पुढे वेल सुकल्यावर मुले बिया वेचतात, आणि कित्येक शाळांत त्या बिया पुढल्या वर्षी पहिलीत येणाऱ्या नवागतांना भेट दिल्या जातात.