किल्लारी आणि अभयदान

(सुवर्ण महोत्सवी सोहळ्यातील व्याख्यान)



न्यासाच्या सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मी दानधर्मावर बोलावे, अशी आज्ञा झाली. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही दानाची चार रूपे आपण पाठशाळेतच शिकतो. ही चारही रूपे मला एकाच घटनेत पाहावयास मिळाली. ती घटना म्हणजे किल्लारीचा भूकंप.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती आणि दिगंबर बांधवांच्या दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हादरली. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे 8 हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता साधारण 6.2 होती, त्या मानाने हा संहार फार मोठा. माणसे मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद! आपल्या खानदेशातील धाब्याचे घर त्याचेच भावंड आहे.

आहारदान आणि औषधदान यांचा तेव्हा महापूर आला. आमच्या गल्लीतूनही धान्य व कपड्यांचा ट्रक निघाला. त्याबरोबर मी होतो. चार दिवसांनी परतलो आणि कर्तव्य पार पडले, असे समाधान मानले. पुढे त्या गावांचे काय झाले, याची विचारपूस मी कित्येक वर्षे केली नाही. ही माझी उणीव आज आपणांसमोर कबूल करतो.

ज्ञानदान ज्यांनी केले, ते मात्र थांबून राहिले. भारतीय जैन संघटनेचे श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी भूकंपग्रस्त कुटुंबांतील सुमारे 1200 मुले पुण्यास आणली. वाघोली येथे त्यांच्या निवासाची व शिक्षणाची व्यवस्था झाली. वर्षानुवर्षे मुलांना सांभाळणे हे ट्रक पाठविण्याहून कितीतरी कठीण काम होते.

उरले अभयदान. ज्याच्या डोळ्यांदेखत स्वतःच्याच छपराने घरची माणसे गिळली, त्याला पुन्हा छपराखाली निर्धास्त झोप लागणे, हेच तेथील अभय. ते देण्यास पाच वर्षे लागली. राज्य शासनाच्या पुनर्वसन कार्यक्रमास जागतिक बँकेने 24 कोटी 60 लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. लक्षात घ्या, ते दान नव्हते, ऋण होते. परंतु दीर्घ मुदतीच्या त्या ऋणामुळे काम पहिल्या वर्षाच्या उत्साहावर अवलंबून राहिले नाही.

पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावे नव्या जागी वसविली गेली. तेथे रुंद रस्ते व पक्की घरे आली. पण शेते दूर गेली, जुने शेजार तुटले, गुराढोरांना पूर्वीची जागा राहिली नाही. दुसरीकडे, सुमारे दोन लाख घरे आहेत त्याच जागी दुरुस्त व बळकट करण्यात आली. तेथे अनुदान हप्त्यांनी मिळे आणि कामावर घरमालक स्वतः उभा राही. भिंतीत आरपार दगड घालणे, कोपरे सांधणे, माळवदावरील मातीचा भार कमी करणे, हे उपाय लोकांना समजले. गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' झाल्या. त्या घरोघरी जात, माहिती सांगत, अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेत. घर बांधून देता येते. पण ते का पडले आणि आता का पडणार नाही, हे कळल्यावाचून भय जात नाही. पैसा सातासमुद्रापलीकडून येऊ शकतो, विश्वास मात्र गावातच निर्माण व्हावा लागतो.

बंधू-भगिनींनो, हे आपल्यापासून दूरचे नाही. 14 मार्च 1938 रोजी सातपुड्यात किल्लारीच्याच तोडीचा भूकंप झाला होता. 2002 च्या भूकंप-नकाशात जळगाव व धुळे हे दोन्ही जिल्हे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात दाखविले आहेत. किल्लारीचा परिसर तर 1993 पूर्वी सर्वांत सुरक्षित क्षेत्रात गणला जाई!

म्हणून विश्वस्त मंडळास एक नम्र विनंती करतो. महोत्सवी निधीतील काही भाग यंदा नव्या शिलालेखावर न खर्चता आपली जुनी धर्मशाळा, पाठशाळा आणि समाजातील गरजू कुटुंबांची धाब्याची घरे जाणत्या अभियंत्याकडून तपासून घेण्यासाठी व ती बळकट करण्यासाठी राखून ठेवावा. या दानावर कोणाचे नाव कोरले जाणार नाही. परंतु एखादी माता आपल्या लेकराला त्या छपराखाली निश्चिंतपणे निजवील, आणि दात्याला याहून मोठे पुण्य ते कोणते?

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!