जुनं पिस्तूल, कमी बजेट आणि आपलं खान्देश

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. जळगाव, अमळनेर, धुळे, शिरपूर, सगळीकडून. "भाऊ, रेंजवर प्रॅक्टिससाठी एखादं जुनं, स्वस्तातलं पिस्तूल कुठे मिळेल?"

हा प्रश्न कुठून येतो ते मला माहितीये, कारण मीही तिथूनच आलोय. रात्री यूट्यूब बघायला बसायचं आणि अमेरिकेतला कुणीतरी दाढीवाला माणूस दाखवतो की हे बघा, पूर्व युरोपातल्या पोलिसांनी निकालात काढलेलं मॅकारोव्ह, हे चेक बनावटीचं जुनं पिस्तूल. आपल्या चांगल्या मोबाइलच्या भावात. मग वाटतं, आपल्याकडे पण असं काही असेलच की. एकाने तर मला लिहिलंय, "आपल्या जिल्ह्यात वरणगावची फॅक्टरी आहे, तिथून काही सरप्लस निघत नाही का?" नाही निघत, दादा. वरणगावला काडतुसं बनतात, ती सैन्यासाठी. तिथे फाटकावर सेल लागत नाही.

आपल्याकडे सरप्लसचा बाजारच नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. ९ मिमीचं पिस्तूल आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, म्हणजे सामान्य माणसाच्या लायसन्सवर ते चढत नाही. उरतं मुख्यतः पॉइंट ३२ आणि पॉइंट २२. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद झाली. त्यामुळे झालंय काय, की त्याआधी आलेली जुनी वॉल्थर किंवा वेब्ली जुनी झाली म्हणून स्वस्त होत नाही, उलट महाग होते. नवा माल येत नाही आणि गिऱ्हाईक आहेच. जुन्या बुलेटसारखं समजा. वर लायसन्स हवं. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलीस पडताळणी, कारण काय, साठवणार कुठे. खेळाडू म्हणून लायसन्स मिळतं, नाही असं नाही, पण त्यासाठी आधी तुम्ही खेळाडू असायला लागता. क्लबचं सभासदत्व, स्पर्धेतले स्कोअर. पिस्तूल घेऊन मग नेमबाज व्हायचं, असा क्रम तिथे चालत नाही.

आता जो विषय सगळे दबक्या आवाजात काढतात, तो. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून उमर्टी आहे. तिकडून येणाऱ्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या आपण लहानपणापासून वाचतोय. चोपडा, शिरपूर, कुठल्या तरी नाक्यावर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी सापडतोच. मलाही एका ओळखीच्याने चहाच्या टपरीवर हसत हसत सांगितलं होतं, "भाऊ, इतला पैसा कसाले? मी आणून देतो ना." त्याला वाटत होतं तो माझे पैसे वाचवतोय. मनापासून बोलत होता बिचारा.

तर हे स्पष्ट सांगतो. विनालायसन्स बंदूक बाळगली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा २ वर्षं आहे, जास्तीत जास्त ५. प्रतिबंधित बोअरचं शस्त्र निघालं तर ७ वर्षांपासून सुरुवात. "मी फक्त डब्यावर नेम धरत होतो" असं म्हणून सुटका होत नाही. विशी-पंचविशीतल्या पोरावर अशी केस लागली की पासपोर्ट, नोकरीची पडताळणी, लग्नाची बोलणी, सगळीकडे ती आडवी येते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी नेमबाजीसाठी ती वस्तू निरुपयोगी आहे. नळी कशाची, स्टील कुठलं, कुणाला माहीत नाही. हातात फुटू शकते. १० मीटरवर एकाच भोकात दोन गोळ्या जायच्या तर त्या नळीला आणि ट्रिगरला काही माप लागतं की नाही?

मग करायचं काय? एअर पिस्तूल घ्यायचं.

लगेच तोंड वाकडं करू नका. जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीबद्दल बोलत नाहीये मी. मनू भाकरने २०२४ ला पॅरिसमध्ये पहिलं पदक घेतलं ते १० मीटर एअर पिस्तूलमध्येच. ४.५ मिमी, म्हणजे पॉइंट १७७ चा छर्रा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पॉइंट १७७ पर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर गनला लायसन्स लागत नाही. मॅच पिस्तुलाचं गणित करून बघा: अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, सेकंदाला १५०-१५५ मीटर वेग, म्हणजे साधारण ६ ज्यूल. मर्यादेच्या एक तृतीयांशसुद्धा नाही. आणि त्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ आहे ११.५ मिमीचं. शर्टाच्या बटणाएवढं. एका हाताने, १० मीटरवरून, ६० वेळा. लावा नेम.

आणि इथे जुनं-स्वस्त हा प्रकार खरोखर आहे. नवं टॉपचं स्टायर किंवा मोरिनी लाखाच्या वर जातं. पण नेमबाज पिस्तुलं बदलत असतात, पोरं खेळ सोडतात, क्लब जुना माल काढतात. आपलं 'सरप्लस' ते हेच.

माझी खरेदी सांगतो, कारण त्यात मी जवळजवळ फसलो होतो. धुळ्याला एक पिस्तूल विकायला आहे असं कळलं. नाव मोठं, फोटो चकाचक, किंमत ७० हजार. मी जळगावहून एरंडोल, पारोळा करत पोहोचलो. वस्तू बघून वेडाच झालो. ग्रिप हातात अशी बसली की जणू माझ्यासाठीच कोरलीये. पैसे काढणार तेवढ्यात सोबत आलेल्या मित्राने सिलेंडर फिरवून बघितला. त्यावर तारीख कोरलेली असते. हवा भरायच्या या सिलेंडरला बनवणारी कंपनी साधारण १० वर्षांचं आयुष्य देते, कारण आत २०० बार दाब असतो. हा मुदत संपून तीन वर्षं झालेला. विकणारा म्हणतो, "चालतो हो, काही होत नाही." २०० बारची नळी चेहऱ्यापासून हातभर लांब धरायची आणि काही होत नाही म्हणे. स्पर्धेतही असा सिलेंडर चालत नाही. नवा सिलेंडर आणि मागवायचा खर्च धरला तर तो सौदा लाखाकडे चालला होता. चहा पिऊन परत आलो. पारोळ्यापर्यंत दोघं काही बोललो नाही.

त्यातून एक गोष्ट कळली. आपल्याकडे हवा भरून देणारे कोपऱ्या-कोपऱ्यावर नाहीत. हँडपंपाने २०० बार भरायचे म्हणजे जिमची फी वाचते, पण मे महिन्यात जळगावच्या उन्हात करून बघा. म्हणून मी सिंगल स्ट्रोक घेतलं. एक लिव्हर ओढायचा, एका शॉटपुरती हवा आत दाबली जाते, संपला विषय. सिलेंडर नाही, तारीख नाही. जर्मनीचं फाइनवेर्कबाऊ १०३ या जातीचं, आणि रशियाचं बायकल इझ-४६एम पण. त्याहून जुनं म्हणजे फाइनवेर्कबाऊ ६५, ते स्प्रिंगवर चालतं, १९६५ चं डिझाइन, अजूनही नेम धरतं. मला इझ मिळालं, ५२ हजारात. दिसायला अगदी रांगडं, तोंडाकडे जड, ग्रिप तर लाकडाचा ठोकळा. ती मी सुताराकडून घासून घेतली, वर लाकडाची लांबी भरली. अजूनही सुंदर नाही दिसत.

जुनं सिंगल स्ट्रोक घेताना लिव्हर ओढून हवा भरा, पिस्तूल सुरक्षित दिशेला धरा आणि पाच मिनिटं थांबा. मग झाडा. नेहमीच्या ताकदीने गेला तर सील ठीक. फुस्स झाला तर आत गळती आहे. घाबरायचं कारण नाही, बहुतेक वेळा ओ-रिंगच असते, पण तेवढे पैसे कमी करून घ्या. ठिबकवाल्यांच्या या गावात ओ-रिंग शोधायला मला फार फिरावं लागलं नाही.

दुसरं, ट्रिगर. नियमाने एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडून अर्धा किलोचं वजन मागून आणलं, त्याला तारेचा आकडा केला. रिकामं पिस्तूल कॉक करून नळी वर करायची, ट्रिगरला आकडा अडकवून वजन सावकाश उचलायचं. उचललं गेलं की पास. दुकानदार अजून विचारतो, "काय तोलताय?"

आणि सुटे भाग मिळतात का ते घेण्याआधी बघा, नंतर नाही. टोकियोत २०२१ ला मनूच्या पिस्तुलाचा लिव्हर ऐन पात्रता फेरीत तुटला. ५७५ गुण, १२ वं स्थान, फायनल दोन गुणांनी हुकली. तिच्यामागे अख्खी टीम होती. आपल्यामागे कुरिअरवाला आहे.

रेंजचं म्हणाल तर १० मीटर म्हणजे ३३ फूट. मी मित्राच्या वडिलांच्या केळीच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये मारतो, काकांना विचारून. मागे लोखंडी पत्रा तिरका, पुढे जाड प्लायवूड, दाराला आतून कडी, म्हणजे मध्येच कुणी येणार नाही. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे हात साबणाने धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. आणि बरीचशी प्रॅक्टिस तर छर्रा न घालताच होते, भिंतीसमोर उभं राहून नुसता ट्रिगर दाबायचा. बायको म्हणते, ५२ हजार घालून भिंतीकडे बघत बसतोस.

एक राहिलं. लायसन्स लागत नाही म्हणून ते कमरेला खोचून फिरायचं नाही आणि रील तर अजिबात नाही. लांबून ते खऱ्यासारखंच दिसतं, नाक्यावरचा हवालदार ज्यूल मोजत बसणार नाही. बंद केसमध्ये न्या, सोबत बिल ठेवा. सेकंड हँड घेतलं असेल तर विकणाऱ्याची सही असलेला कागद, पिस्तुलाचा नंबर घालून, आणि त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स. माझ्या विकणाऱ्याने आधी कुरकुर केली, मग स्वतःच म्हणाला, "मलाही तुमची द्या." दिली.