वारणेकाठची बोली आणि आपला देश
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमचं शिक्षण थोडं. सूतगिरणीत पाळ्या करता करता जे वाचलं, त्यातलंच दोन शब्द सांगणार आहोत. विषय आहे शाहीर अण्णाभाऊ साठे, त्यांची भाषा आणि त्यांचा देश.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावचा. आज हे गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात येतं. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. पुढं पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले, अक्षरं स्वतःच शिकले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासंगं लालबावटा कलापथक उभं केलं आणि मुलूखभर गात फिरले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची मैनेची छक्कड कामगाराच्या तोंडी बसली. गावाकडं राहिलेली बायको आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख, दोन्हींचं दुःख त्यांनी एकाच गाण्यात मांडलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. लगेच पुढच्या वर्षी, १९६१ साली, हाच शाहीर रशियाला गेला. कोण म्हणून गेला? भारताचा माणूस म्हणून! मराठीसाठी भांडला म्हणून त्याचं भारतीयपण तसूभरही कमी झालं नाही. परत येऊन त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला, तोही मराठीतच. त्यांचं लिखाण रशियन भाषेतही गेलं. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला.

आता दुसरी बाजू बघा. साताऱ्यात शाळा शिकलेले आपले बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले. तिथं आपण अस्पृश्य आहोत हे ते विसरून गेले होते, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. १९१७ साली मायदेशी आले, बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहावं लागलं आणि तिथूनही काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. परक्या देशात स्वतःच्या नावानं राहता आलं, आपल्या देशात नाव लपवावं लागलं! तरीही त्यांनी या देशाची घटना लिहिण्यात आपलं आयुष्य झिजवलं.

म्हणून आम्ही म्हणतो, देश म्हणजे नुसतं परदेशात दाखवायचं पारपत्र नव्हे. इथं आपल्या नावानं, आपल्या बोलीनं ताठ मानेनं जगता आलं तरच तो आपला देश.

पण घरात काय चाललंय? पोरगं 'हितं, तितं, न्हाय' म्हणालं की आपणच त्याला गप्प करतो. पाहुण्यांसमोर आजी बोलली की नातवाला लाज वाटते. अरे, ह्याच वारणेकाठच्या बोलीला जवळ करून 'फकिरा' उभी राहिली आणि अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली! पोरांना इंग्रजी जरूर शिकवा, हिंदी शिकवा, जगाच्या पाठीवर कुठंही पाठवा. पण आजीच्या बोलण्याची लाज मात्र शिकवू नका.

महिन्यातून एक रविवार इथं विहारात अण्णाभाऊंचं पान मोठ्यानं वाचू या. वाचणारी पोरं असतील, ऐकणारी आजी असेल. कुणाला शब्द अडला, तर त्याचा अर्थ आजीच सांगील.