भाकड बैल, बाजाराची पावती आणि शेजारचा मुसलमान

(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या विषयाचे नाव ऐकून सकाळीच दोघा-तिघांनी मला विचारले, "साहेब, कापसाच्या भावाचे सोडून हे मुसलमानाचे काय काढले? हा मेळावा आहे की शांतता कमिटीची बैठक?" प्रश्न रास्त आहे. मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. माती, बियाणे, बोंडअळी यांवर बोलावे, हेच माझे काम. म्हणून मी सुरुवातही गोठ्यातूनच करतो.

तुमच्या गोठ्यात एक बैल आहे. तीन-चार वर्षांचा असताना जुवाला लागला. वखरणी, पेरणी, डवरणी, कापसाच्या गाड्या, सगळे त्याने ओढले. बाराव्या वर्षी त्याचा खांदा उतरला. आता तो आणखी पाच-सात वर्षे जगेल. साडेतीनशे-चारशे किलोच्या जनावराला रोज आठ-नऊ किलो कोरडा चारा लागतो. वर्षाचे झाले तीन टन. हलक्या कोरडवाहू वावरात ज्वारीचा एकरी दोन टन कडबा निघाला तर आपण नशीब म्हणतो. म्हणजे दीड एकर ज्वारी त्या एका बैलासाठी पेरायची, तीही पाच-सात वर्षे. आणि ज्वारी तर आता सोयाबीनने वावराबाहेर काढली आहे. मग कडबा विकत घ्या.

हा हिशेब तुमच्या आज्यालाही माहीत होता. तो पोळ्याला बैलाच्या पाया पडत होता, त्याला पुरणपोळी चारत होता, आणि वेळ आली की बाजारात नेऊन विकतही होता. विकताना डोळ्यांत पाणी येत होते, हे खोटे नाही. पण त्या पैशात थोडी भर टाकून तो नवा गोऱ्हा आणत होता. म्हातारा बैल विकल्याशिवाय नवा बैल येत नाही, हे कोरडवाहू शेतीचे अर्थशास्त्र आहे. आणि तो म्हातारा बैल घेणारे गिऱ्हाईक बहुतेक वेळा कुरेशी होते. आपल्या श्रद्धेला जे हाताने करवत नव्हते, ते काम त्याने पिढ्यान्‌पिढ्या केले, आणि त्याबद्दल आपल्याला रोख पैसे मोजले. तरी त्याला कसाई म्हणून नाक मुरडण्याचा हक्क आपण राखूनच ठेवला.

महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाईची कत्तल बंद होती. बैल मात्र कामाला निरुपयोगी आहे असा दाखला मिळाला तर कत्तलीसाठी विकता येत होता. 1995 साली विधिमंडळाने बैल-वळूंच्याही कत्तलीवर बंदी घालणारी दुरुस्ती केली. तिला राष्ट्रपतींची मंजुरी 2015 साली मिळाली. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. वीस वर्षे कागद पडून होता, त्या वीस वर्षांत कोणी शेतकऱ्याला विचारले का, की बाबा, तुझ्या भाकड बैलाचे काय करायचे? सर्वोच्च न्यायालयाने 1958 साली निरुपयोगी बैलांच्या कत्तलीवर सरसकट बंदी घालता येणार नाही असे म्हटले होते. 2005 साली गुजरातच्या खटल्यात त्याच न्यायालयाने उलट निर्णय दिला. म्हातारे जनावरही शेण-मूत देते, म्हणून ते निरुपयोगी नाही, हा त्यातला एक मोठा मुद्दा. शेणखताचे महत्त्व मी तुम्हाला बांधाबांधावर सांगत आलो आहे. पण शेण पडायला आधी पोटात कडबा जावा लागतो, आणि कडब्याचे बिल निकालपत्राला जोडलेले नसते.

कायदा मोडा असे मी म्हणत नाही. तो बदलण्याची मागणी करण्याचा आपल्याला हक्क आहे, ती आपण करू. माझा आजचा मुद्दा दुसरा आहे. कायद्याच्या नावाने रस्त्यावर जे चालते, त्याचा. म्हशी-रेड्यांचा व्यापार कायद्याने बंद नाही. दुभती गाय, कामाचा बैल यांची खरेदी-विक्रीही बंद नाही. पण गाडीत जनावर आणि गाडीवाल्याच्या डोक्यावर टोपी दिसली, की रात्री गाडी अडवायची, मारहाण करायची, पैसे उकळायचे, हा धंदा वाढला. शेवटी जुलै 2025 मध्ये राज्यभरच्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच बंद केली. बाजार ओस पडले. आणि मग ज्यांना वाटत होते की हा मुसलमानांचा प्रश्न आहे, ते शेतकरी दावणीची जनावरे बाजारात नेऊन तशीच परत आणू लागले. एका समाजावर दहशत बसली की तिची किंमत दुसऱ्याच्या गोठ्यातून वसूल होते.

यातून जीवही गेले आहेत. हरियाणातला पहलू खान हा दुधाचा धंदा करणारा शेतकरी. 1 एप्रिल 2017 रोजी त्याने जयपूरच्या बाजारातून दुभत्या गाई घेतल्या, खिशात बाजाराची पावती होती. अलवरजवळ जमावाने त्याला इतके मारले की दोन दिवसांनी तो दवाखान्यात मेला. 2019 साली खालच्या कोर्टातून सहा आरोपी सुटले. पावती आपणही खिशात ठेवतो. ती पावती नाव बघून खरी-खोटी ठरणार असेल, तर बाजार कशाला म्हणायचा?

आता कोणी म्हणेल, म्हणजे मुसलमान आपले गिऱ्हाईक आहे म्हणून त्याला सांभाळायचे. तेवढेच असते तर मी हे भाषण केले नसते. गिऱ्हाईक दुसरेही मिळते. शेजारी दुसरा मिळत नाही.

तुमच्या माझ्या वयाच्या माणसांनी गावात पिंजारी पाहिला आहे. खांद्यावर धनुकली घेऊन दारोदार फिरायचा, आपल्याच वावरातला कापूस पिंजून गादी-रजई भरून द्यायचा. बाळंतिणीची गादी त्याच्या हातची. बांगड्या भरायला मणियार यायचा आणि घरातल्या लेकीसुनांचे हात विश्वासाने त्याच्या हातात दिले जायचे. मोहरमला सवाऱ्या उठायच्या, तेव्हा नवस केलेली कुणब्याची पोरे फकीर होऊन गावभर फिरायची, मलिदा वाटायची. आर्णीला बाबा कंबलपोष यांच्या यात्रेला आपल्यापैकी कोण गेले नाही? नागपूरच्या ताजुद्दीनबाबांना तर रघूजीराजे भोसल्यांनी आपल्या वाड्यात ठेवून घेतले होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद वारकऱ्यांनी संत म्हणून मानले, त्यांचे नाव बदलून घेतले नाही. आपले म्हणून स्वीकारताना समोरच्याने आपल्यासारखे व्हावे ही अट नव्हती.

हे मी कोलामांच्या पोडावर, बंजाऱ्यांच्या तांड्यावर बोललो तर लगेच पटते. त्यांची भाषा वेगळी, देव वेगळे, लग्नाची रीत वेगळी, आणि त्यांना कोणी शिकवायला आले तर राग येतो. मग अजान, रोजे, कुर्बानी आली की आपल्याला वेगळी फूटपट्टी का लागते? मायबहिणींनो, शेळी ही तुमची बँक आहे. बकरी ईदच्या आधीच्या बाजारात बोकडाला जो भाव मिळतो, तो वर्षात पुन्हा मिळत नाही. तो पैसा चालतो, मग ईद का खटकते?

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. "त्यांच्यात कट्टरपणा नाही का? त्यांच्या बायकांचे हाल नाहीत का?" आहेत. पण त्यावर पहिला घाव कोणी घातला? कोकणातल्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी. एप्रिल 1966 मध्ये तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम बायका घेऊन ते मुंबईत विधानसभेवर गेले, 1970 मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. शिव्या खाल्ल्या, हटले नाहीत. आपल्यातही हुंडा आहे, विधवेला हळदीकुंकवातून बाहेर बसवणे आहे. ज्याने त्याने आपल्या घरातला केर काढावा. पण बाहेरून दगड येऊ लागले की घरातला केर काढणाऱ्याचाच हात आधी थांबतो. बहिष्काराने मुल्ला दुबळा होत नाही. दलवाई एकटा पडतो.

बहिष्काराचे सांगतो. अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यात मढी गाव आहे. कानिफनाथांची मोठी यात्रा, गाढवांचा बाजार प्रसिद्ध. तिथे हिंदू-मुसलमान दोघेही माथा टेकत आले. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांनी दुकाने लावायची नाहीत. गटविकास अधिकाऱ्यांनी तो मान्य केला नाही. पण ठराव आला, हात वर झाले, ही गोष्ट घडून गेली. ग्रामसभा आपण मागून घेतली ती पाण्यासाठी, रोजगार हमीसाठी, रस्त्यासाठी. कोणी कुठे दुकान मांडून पोट भरायचे, हा हक्क घटनेने दिला आहे, तो हात वर करून काढून घेण्यासाठी ग्रामसभा नाही. आज टोपी बघून पाल उठवले, उद्या जात बघून उठवतील. व्यापारी जितके कमी, तितका भाव पाडणे सोपे, हे कापूस विकणाऱ्याला तरी मी समजावून सांगायला नको.

आणि आपला जिल्हा? जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावले होते. गाईच्या नावाने मुसलमानांना मारले जाते, हे त्यांच्या लिहून पाठवलेल्या भाषणात होते. इंग्रजीत लिहिणारी बाई कशाला, म्हणून आरडाओरड झाली आणि आयोजकांनी निमंत्रणच मागे घेतले. मग उद्घाटन केले कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. त्या ताठ उभ्या राहून बोलल्या, जिल्ह्याची मान उंच झाली. पण बोलावलेल्या पाहुणीला दारातून परत पाठवल्याची गोष्टही आपल्याच जिल्ह्याच्या नावावर लागली आहे.

आता कामाचे बोलू. बाजारात जनावर विकले की बाजार समितीची पावती दोन्ही नावांनी पक्की करून घ्या आणि तिची एक प्रत जवळ ठेवा. तुमच्याकडून घेतलेल्या जनावराची गाडी अडली असा फोन आला, तर "विकले, माझा संबंध संपला" म्हणू नका. शेतकरी म्हणून ठाण्यात जा आणि सांगा की जनावर मी विकले. गाडी तपासायचे काम पोलिसांचे आहे, काठीवाल्या पोरांचे नाही, आणि त्या पोरांत आपल्या घरचा कोणी असेल तर त्याला आधी घरी बसवा. ग्रामसभेत मढीसारखा ठराव आला तर उठून विरोध करा आणि तो विरोध इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या. हात वर न करता गप्प बसलेल्याची नोंद होत नसते. तालुक्याच्या बाजार समितीला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मागच्या टेबलावर ठेवला आहे. सह्या आजच करा, कुरेशी आणि बागवान मंडळीही सह्या करायला आली आहेत, त्यांना चहा विचारा. यानंतर सरकीच्या भावाचा विषय आहे.