हिटोमीची अडतीस दिवसांची दृष्टि

ययाति नक्षत्राच्या दिशेस सुमारें २४ कोटी प्रकाशवर्षांवर सहस्रावधि दीर्घिकांचा एक समुदाय आहे. दुर्बिणींतून दीर्घिका दिसतात. त्यांच्यामधील पोकळींत भरलेला वायु दिसत नाहीं. परंतु वजन करूं गेल्यास समुदायांतील सर्व तारकांहून हा अदृश्य वायुच कित्येक पटींनीं भारी भरतो! तो कोट्यवधि अंश तापलेला असल्यामुळें क्ष-किरणांनीं प्रकाशतो. हे किरण पृथ्वीचें वातावरण अडवितें (हें मनुष्यजातीचें भाग्यच म्हणावयाचें), म्हणून त्यांचा वेध घेणारीं यंत्रें वातावरणाबाहेर धाडावीं लागतात.

येथें एक कोडें उभें राहतें. चुलीवरून उतरलेलें दूध जसें निवतें, तसा किरण टाकीत राहिलेला हा वायुहि निवावयास हवा, आणि त्यांतून नव्या तारका घडावयास हव्यात. तितक्या त्या घडत नाहींत. मग खालीं जाळ घालतो कोण? संशय मध्यवर्ती दीर्घिकेंतील कृष्णविवरावर आहे. त्याच्या झोतांनीं वायूंत प्रचंड बुडबुडे उठलेले 'चंद्रा' या उपग्रहानें दाखविले आहेत. तथापि वायु घुसळला किती जातो, हें मोजल्यावांचून निवाडा कसा व्हावा?

त्यासाठीं प्रत्येक क्ष-किरणकणाची ऊब मोजणारें यंत्र हवें, आणि तें निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या विसाव्या भागाइतकें थंड राखावें लागतें. जपानी शास्त्रज्ञांनीं तें २००० सालीं धाडलें, अग्निबाणच फसला. २००५ सालीं तें वर पोंचलें, पण महिन्याभरांत त्यांतील द्रव हेलियम उडून गेला. १७ फेब्रुवारी २०१६ रोजीं 'हिटोमी' निघाला. या शब्दाचा अर्थ डोळ्यांतील बाहुली. २६ मार्चला, आपण फिरत आहों अशा चुकीच्या समजुतीनें तो स्वतःलाच गरगरा फिरवूं लागला आणि मोडला.

तत्पूर्वीं त्यानें ययाति समुदाय पाहिला होता! वायूची खळबळ सेकंदास अवघी सुमारें १६४ किलोमीटर निघाली. त्या वायूंतील ध्वनीचा वेग याच्या कित्येक पट आहे. इतक्या शांततेची अपेक्षा फार थोड्यांस असेल. वायूच्या दाबावरून समुदायाचें वजन काढणारांना मात्र हिच्यामुळें मोठाच धीर आला.

७ सप्टेंबर २०२३ रोजीं जपानचा 'क्रिझम' तसलेंच यंत्र घेऊन वर गेला. यंत्रावरील एक झांकण उघडलें नाहीं, तरी काम अडलें नाहीं. नरतुरंग समुदायाच्या गाभ्यांत वायु पातेल्यांतील पाण्याप्रमाणें हिंदकळत आहे, हें त्याच्याच वेधांवरून २०२५ सालीं प्रसिद्ध झालें.