केर आपला, हात दुसरीचे



मी सातवीपर्यंत शिकलेली. तेव्हा हे भाषण नव्हे, ओट्याजवळचे बोलणे समजा.

आपल्या मुलुंडच्या डम्पिंग ग्राउंडवर कचरा टाकणे २०१८ साली बंद झाले. म्हणून आपला केर थांबला का? तो बहुतेक कांजूरमार्गला जाऊ लागला. तिथेही बायकामुले राहतातच ना!

ओला नि सुका कचरा घरीच वेगळा करावा, असे २०१६ च्या नियमांनी ठरवून दिले. "गाडीत सगळे एकच होते, मग आम्हीच का खपावे?" असे पुष्कळजणी म्हणतात. होत असेल कुठे. तिथे गाडीवाल्याला जरूर अडवून विचारावे. पण गाडीच्या आधी आणि नंतरही आपल्या केरात कुणाचे तरी हात जातात, नि त्यांत बायकांचे फार. अशा कचरावेचक भगिनींसाठी स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ साली 'परिसर विकास' हे काम सुरू केले. कोरडा कागद, स्वच्छ प्लास्टिक विकले म्हणजे त्यांचे चार पैसे होतात. आमटीत भिजलेल्या कागदाला भंगारवाला हात लावत नाही.

दुधाची पिशवी विसळून वाळवावी, कापताना कोपरा सुटा करू नये. फुटकी काच, ब्लेड जाड कागदात गुंडाळून निराळे द्यावे. पाळीचे पॅडही तसेच. हे बोलायला लाज कसली? उचलते तिला विचारा!

आणि हो, हे काम एकट्या सुनेच्या गळ्यात घालू नका. ज्यांना शेअरचे भाव कळतात, त्या पुरुषमंडळींना हिरवा डबा ओल्याचा नि निळा सुक्याचा, एवढे खचित कळेल.