पत्र आधी कोण उघडतं?

(शिवाजी पेठेत झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मला आज संगणकावर बोलायला सांगितलंय. पण सुरुवात मी एका पत्रापासून करणार आहे.

एका बाईने आमच्या केंद्राला ई-मेल पाठवला. तिच्या परवानगीने सांगतेय, ओळख पटेल असं काही सांगणार नाही. रात्री दोन वाजता, नवऱ्याच्या नकळत नवा पत्ता उघडून तिने लिहिलं होतं. पत्ता म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. विषयाची जागा कोरी. रोमन लिपीत चार ओळी मराठी, आणि अंगावरच्या वळांचा एक फोटो. आम्ही ज्या फुकट सेवेवर टपाल घेत होतो, तिने हे पत्र ‘स्पॅम’ म्हणजे कचरा ठरवून बाजूला टाकलं. आम्ही ते पाहिलं ११ दिवसांनी. महिन्याभराने ती स्वतःच केंद्रात आली आणि म्हणाली, “मला वाटलं, तुम्हीपण वाचून गप्प बसलात.”

मला तेव्हा पूर्वीचं घर आठवलं. पोस्टमन पत्र टाकून जायचा आणि बाईच्या नावाचं पत्रसुद्धा आधी घरातला पुरुष उघडायचा. काय द्यायचं, काय चुलीत घालायचं, हे तो ठरवायचा. आज आपल्या संस्थेचं पत्र आधी कोण उघडतं? कुठलं पत्र कामाचं आणि कुठला कचरा, हे कोण ठरवतं?

चाळण नकोच, असं मी म्हणत नाही. लॉटरी, कर्ज, बनावट बँका यांची पत्रं रोज ढिगाने येतात. त्यांतली काही फसवी असतात, एका चुकीच्या क्लिकने पासवर्ड जातो. म्हणजे पाखडायला तर हवंच. पण पाखडताना सुपातून दाणाही उडतो, म्हणून सूप कुणाच्या हातात आहे ते महत्त्वाचं. धास्तावलेली बाई जसं लिहिते, नेमक्या तशाच खुणांना यंत्र संशयित समजतं: अनोळखी पत्ता, कोरा विषय, सोबत फोटो.

म्हणून आम्ही काय केलं ते सांगते. मी संगणक शिकलेली नाही, समाजकार्य शिकलेय. तरी हे जमलं, तुम्हालाही जमेल.

एका जुन्या संगणकावर डेबियन ही लिनक्सची मोफत प्रणाली बसवली. तो केंद्रातच असतो. त्यावर ‘गेटमेल’ नावाचा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी आमच्या बाहेरच्या खात्यातलं टपाल घेऊन येतो. पोस्टातल्या पेटीतून आपणच टपाल आणावं, तसं. मोठ्या सेवा आता साध्या पासवर्डवर टपाल देत नाहीत. दोन टप्प्यांची ओळख सुरू करून वेगळा ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो, काही ठिकाणी त्याहून वेगळी परवानगी लागते.

इथे पहिली चूक होते आणि आमचीही झाली. टपाल आणायच्या दोन पद्धती आहेत, पॉप आणि आयमॅप. पॉपने फक्त समोरची पेटी येते. कचरा ठरवलेली पत्रं तिकडेच राहतात आणि काही सेवांत ३० दिवसांनी कायमची पुसली जातात. म्हणजे आपला संगणक असूनही चाळण दुसऱ्याचीच! म्हणून आयमॅप घ्या, आणि समोरची पेटी व कचऱ्याची पेटी, दोन्ही आणायला सांगा.

आणलेलं पत्र ‘स्पॅमॲसॅसिन’ या प्रोग्रामकडे जातं. तोही मोफत आहे, २००१ पासून चालत आलेला. तो प्रत्येक पत्राला गुण देतो. संशयाच्या खुणेला गुण वाढतात, भरवशाच्या खुणेला कमी होतात. बेरीज पाच झाली की तो ‘संशयित’ असा शिक्का मारतो. लक्षात घ्या, तो स्वतः काहीच फेकत नाही, फक्त शिक्का मारतो. फेकायचं की ठेवायचं हे आपण ठरवायचं. आम्ही ठरवलं, यंत्राने एकही पत्र पुसायचं नाही. शिक्क्याचं पत्र वेगळ्या पेटीत जातं, इतकंच. पुढे ‘डव्हकॉट’ नावाचा प्रोग्राम या पेट्या केंद्रातल्या बाकीच्या संगणकांवर दाखवतो.

हे यंत्र शिकतंही. पॉल ग्रॅहम यांनी २००२ साली लेख लिहून ही पद्धत लोकांपुढे मांडली. कचऱ्यात कोणते शब्द येतात आणि आपल्या पत्रांत कोणते, हे मोजून शक्यता काढायची. आपल्या पत्रांत ‘पोटगी’, ‘माहेर’, ‘तारीख’ हे शब्द असतात, ‘marhan’ असं रोमन लिपीतलंही असतं. दुसऱ्या कुणाच्या चाळणीला त्याचं मोल कसं कळणार? शिकवणं सुरू करायला किमान २०० चांगली आणि २०० कचऱ्याची पत्रं लागतात. ती आम्ही चौघींनी दोन दुपारी बसून निवडली. यंत्राने स्वतःच्याच निकालावरून शिकायची जी सोय असते, ती बंद ठेवली. नाहीतर एकदा केलेली चूक ते पाठ करतं. भाषेवरून पत्र अडवायची सोयही सुरू केली नाही, कारण रोमन लिपीतलं मराठी त्याला कुठली भाषा वाटेल, सांगता येत नाही.

पण यंत्रापेक्षा महत्त्वाची आमची वही. रोज सकाळी एकीने संशयित पेटी पाहायची आणि वहीत सही करायची. पाळी आठवड्याने बदलते. सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी पाहतं.

धमकी आणि शिवीगाळीची पत्रंही येतात. ती स्पॅम नव्हेत, पुरावा आहे. ती वेगळी ठेवा, आणि ती वाचायचं काम एकीवरच टाकू नका. नुसती छापील प्रत पुरेशी धरून चालू नका. पत्राच्या माथ्यावरच्या लपलेल्या नोंदींसह मूळ पत्र जपा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातली नोंद न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं.

आता मर्यादाही सांगते. आपला संगणक म्हणजे तिजोरी नव्हे. पत्र बाहेरच्या सेवेतूनच येतं, तिथे त्याची प्रत असते. आम्ही ती १५ दिवसांनी काढून टाकतो, तोवर इकडे नीट आलंय याची खात्री होते. डिस्क कुलूपबंद म्हणजे सांकेतिक केली आहे. तिचा पासवर्ड दोघींकडे आहे, संगणक दुरुस्त करणाऱ्या दादांकडे नाही. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी गावात शिरलं ते आपण पाहिलंय. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या जागी, वरच्या मजल्यावर. आणि पत्र पाठवायचं काम मात्र घरच्या संगणकावरून करू नका. २०२४ पासून मोठ्या सेवा पाठवणाऱ्याची ओळख कडकपणे तपासतात. आपलंच उत्तर त्या बाईच्या कचऱ्यात जाईल. ते बाहेरच्या खात्यातूनच पाठवा.

उत्तर देतानाही जपा. तिचा फोन दुसरं कुणी पाहतं का, हे आपल्याला ठाऊक नसतं. विषयात संस्थेचं नाव नको, तपशील नको. आधी एवढंच विचारा: कधी आणि कसं बोललेलं चालेल?

१९१९ साली शाहू महाराजांनी याच करवीर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. २००५ साली घरगुती हिंसाचाराविरुद्ध देशाचा कायदा झाला. कायदे आहेत, पण बाईची हाक ऐकणाऱ्यापर्यंत पोचलीच नाही तर कायदा कपाटात राहतो. त्या बाईला आम्ही खरं ते सांगितलं. पत्र वाचलंच नव्हतं, आणि चूक आमची होती. यंत्राकडे बोट दाखवलं नाही, कारण ती पेटी उघडून पाहणं आमच्या हातात होतं.

घरी गेल्यावर एक करा. सर्व्हर पुढच्या महिन्यात मांडू, मी शिकवायला येईन. पण आपापल्या संस्थेची स्पॅमची पेटी आज रात्रीच उघडून पाहा.